गच्चीवरच्या फेण्या आणि गोदीतला स्फोट

आमच्या आजोबांना गोदीत सोन्याची वीट सापडली होती आणि त्यांनी ती इमानदारीने पोलिसांत नेऊन दिली, ही गोष्ट ऐकतच आम्ही सगळी भावंडं वाढलो. लग्नकार्यात कुणीतरी ती काढायचंच. वीट कुणाच्या सांगण्यात हातभर असे, कुणाच्या सांगण्यात साबणाच्या वडीएवढी. २०१७ साली बाबा गेले. तेराव्याला जेवणं झाल्यावर पुन्हा वीट निघाली. कोपऱ्यात बसलेली आत्या माझ्या कानाशी वाकून म्हणाली, “कसली वीट नि कसलं काय. तू तरी हे पुढे सांगू नकोस.”

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, जन्म १९३२चा. बाबा १९४६चे. मधली भावंडं जगली नाहीत. म्हणजे १४ एप्रिल १९४४ची दुपार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आमच्या घरात ती एकटीच उरली होती, आणि तेव्हा ती पंच्याऐंशीची होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. बाबांना मी काहीच विचारलं नव्हतं, आणि आता विचारण्याची सोय राहिली नव्हती.

नव्या पिढीला ठाऊक नसेल म्हणून थोडक्यात सांगते. दुसरं महायुद्ध चालू होतं. ‘फोर्ट स्टिकीन’ नावाची मालबोट इंग्लंडहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिल १९४४ला मुंबईत आली आणि व्हिक्टोरिया गोदीत लागली. तिच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता, सोन्याच्या विटांच्या पेट्या होत्या, आणि कराचीला त्यात कापसाच्या आठ हजारांवर गासड्या भरल्या होत्या. ज्या खणात स्फोटकं त्याच खणात कापूस. असा माल असलेल्या बोटीवर लाल बावटा लावायचा असतो, तोही लावला नव्हता. १४ तारखेला, शुक्रवारी, दुपारी दोनच्या सुमारास आग लक्षात आली. बंब आले, पाणी मारलं, आग आटोक्यात येईना. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. ‘जलपद्म’ नावाच्या बोटीचा मागचा भाग उचलला जाऊन धक्क्यावरच्या शेडवर पडला. बंबखान्याची ६६ माणसं गेली. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. बाकी मेलेल्यांचा आकडा कुठे आठशे दिलाय, कुठे तेराशे. बेघर झालेली माणसं ऐंशी हजार. मांडवी, मशीद बंदर, चिंचबंदर या भागात आग तीन दिवस धुमसत होती.

आमचे लोक तेव्हा उमरखाडीत, एका तीन मजली चाळीत राहायचे. गोदी तिथून हाकेच्या अंतरावर. आजोबा अलेक्झांड्रा गोदीत कामाला होते.

मी बँकेत काम करते, इतिहासाची विद्यार्थिनी नाही. तरी नेटाने तयारीला लागले. साडेचार हजारांचा एक रेकॉर्डर घेतला, कारण फोनवर मध्येच कॉल येतो आणि सगळं तुटतं. मिळेल ते वाचलं. बेचाळीस प्रश्न काढले, ते क्रमाने लावले, टाइप करून त्यांचे कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातले. जानेवारी २०१८मध्ये एका रविवारी आत्याच्या डोंबिवलीच्या घरी जाऊन बसले.

ती पहिली बैठक वाया गेली. मी विचारलं, “स्फोट झाला तेव्हा तुला काय वाटलं?” आत्या म्हणाली, “खूप भीती वाटली.” मी विचारलं, “किती वाजता झाला?” ती म्हणाली, “चार वाजून सहा मिनिटांनी.” “कशाने झाला?” “बोटीत कापूस आणि दारूगोळा एकत्र भरला होता.” एका तासात मी बेचाळीसच्या बेचाळीस प्रश्न संपवले. आनंदाने घरी आले, हेडफोन लावून लिहून काढायला बसले आणि दहाव्या मिनिटाला जीव बसला. त्यात आत्या कुठेच नव्हती. दर एप्रिलमध्ये पेपरात येतं ते तिने वाचलं होतं आणि मी पुस्तकातून काढून विचारलं म्हणून तिने ते मला परत दिलं होतं. बारा वर्षांच्या मुलीला चार वाजून सहा मिनिटं कुठून कळणार? त्यांच्या खोलीत घड्याळसुद्धा नव्हतं.

आवाजही बिघडला होता. रेकॉर्डर मी टीपॉयच्या काचेवर ठेवला होता. त्यात पंख्याची घरघर आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या तिच्या आवाजावर चढल्या होत्या. पुढच्या वेळेपासून मी तो घडी घातलेल्या गोधडीवर ठेवू लागले, तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. काचेची थरथर गेली. पंखा मात्र बंद करायचा नाही असं ठरवलं. म्हातारं माणूस घामाने बेजार होऊन काय सांगणार?

दुसऱ्या बैठकीला प्रश्नांचा कागद नेला नाही. मुंबईचा जुना नकाशा मोठा करून छापून नेला. वाटलं, बोट ठेवून सांगेल. पण आत्याला नकाशा वाचता येईना. ती म्हणाली, “मला असं वरून काही कळत नाही, मी तिथून चालले आहे.” म्हणून मार्चमध्ये एका रविवारी सकाळी टॅक्सी केली आणि तिला उमरखाडीला घेऊन गेले. चाळ केव्हाच पडली. तिथे आता सात मजली इमारत आहे. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्याही बुजवून टाकल्यात, त्यामुळे बघायला काही उरलेलं नाही. पण टॅक्सी सँडहर्स्ट रोड स्टेशनावरून वळली तशी आत्या पुढे सरकून बसली आणि ड्रायव्हरला सांगू लागली, “इथे डावीकडे. इथे पाण्याचा हौद होता घोड्यांसाठी. आता सरळ.” बोलली ती एवढंच, पण पुढे या रस्त्याचा फार उपयोग झाला. तेव्हापासून तिला “मग काय झालं” असं विचारायची गरज पडली नाही. “मग कुठून गेलात” असं विचारलं की पुरे.

मधल्या काळात माझगावातल्या एका बाईंशी ओळख झाली. त्यांचे वडील बंबखान्यात होते. वाचले, पण दोन्ही कान गेले. त्या म्हणाल्या, “आमच्या घरात त्या दिवसाबद्दल कुणी बोललं नाही कारण ज्याच्याशी बोलायचं त्याला ऐकूच यायचं नाही.” त्यांचं ध्वनिमुद्रण वीस मिनिटांचं आहे, त्यातली अर्धी शांतता. सुरुवातीला मी ती कापून टाकणार होते. नंतर तशीच ठेवली.

आत्याचं खरं बोलणं एप्रिलमध्ये झालं, आणि त्या दिवशी मी काही विचारायला गेलेच नव्हते. येताना स्टेशनजवळच्या गृहउद्योगाच्या दुकानातून तांदळाच्या फेण्यांची पिशवी घेतली होती. आत्याने पिशवी उघडली, एक फेणी बोटांत धरून उजेडाकडे केली, मोडली. म्हणाली, “यंत्रावरच्या. काठ बघ कसे सारखे आहेत.” आणि मग, “आमच्या गच्चीवर फेण्या राखायला मला बसवायचे.”

रेकॉर्डर माझ्या पिशवीत होता. मी तो बाहेर काढून तिला दाखवला. तिने मान हलवली. पुढचं सगळं तिच्या शब्दांत देते. लिहिताना मी एक अक्षर सारखं केलेलं नाही.

“त्या वर्षी रेशन होतं. तांदूळ मोजून. आईने दोन महिने स्वतःच्या ताटातला भात कमी केला नि तेवढे राखले. त्याच्या फेण्या. दोन धोतरं भरून झाल्या. मला काठी दिली नि सांगितलं, कावळा बसला तर बघ. ऊन म्हणजे पायाला नुसता चटका. मी टाकीच्या सावलीत बसले. गोदीकडे धूर दिसत होता, जेवणं झाली तेव्हापासनं. गोदीकडे धूर तर रोजच. मी कावळे बघत होते. आणि कावळे उडाले. सगळे एकदम. कबुतरं, घारी, सगळं आभाळात. मी म्हटलं, मी काठी तर उचलली नाही. मग झालं.

“आवाज ऐकला असं मला सांगता नाही येत. छातीत कुणीतरी गुडघा घातल्यासारखं. पडले. उठले तर फेण्या नाहीत. धोतरंच नाहीत, फेण्या कुठल्या. आणि वरनं कापूस पडायला लागला. जळता. सावरीचा कापूस उडतो ना उन्हाळ्यात, तसा सावकाश, खाली येईना, वर जाईना. मी काठीने विझवायला लागले. आई जिन्यातनं ओरडतेय, खाली ये, खाली ये. मी काठी मारतेय. मला एकच भीती, ही आता फेण्यांचं विचारणार.”

इथे ती थांबली. मीही बोलले नाही. रेकॉर्डरवर चाळीस सेकंद पंखा आहे. मग म्हणाली, “तिने कधीच विचारलं नाही गं. शेवटपर्यंत नाही.”

चौऱ्याहत्तर वर्षांत कुणी हिला तिच्या काठीबद्दल विचारलं नव्हतं, कारण सगळे स्फोटाबद्दल विचारत होते. मीसुद्धा.

त्यानंतर मी सहा वेळा गेले. दर वेळी एखादी लहानशी गोष्ट धरून. रेशनचं कार्ड कुठे ठेवायचे? जिन्याला कठडा लोखंडी होता की लाकडी? रात्री विमानहल्ल्याच्या भीतीने काळे पडदे लावत, ते कोण लावायचं? अशा प्रश्नांना ती तत्काळ उत्तर द्यायची आणि त्यांच्यामागून बाकीचं ओढत यायचं. दुसरा स्फोट झाला तेव्हा ती आईबरोबर जिन्यात होती. जिना भिंतीपासून सुटला, त्यातून पलीकडची खोली दिसली, तिथे एक म्हातारी चुलीवरचं भांडं दोन्ही हातांनी धरून बसली होती. मग त्या दोघी निघाल्या. भायखळ्याच्या पुलावरून लालबाग, लालबागहून परळ. तिथे गिरणीच्या चाळीत तिची मावशी राहायची. वाटेत सगळे एकच म्हणत होते, जपान्यांनी बॉम्ब टाकला. ते म्हणणं अगदी हवेतलं नव्हतं. त्याच महिन्यात तिकडे कोहिमाला जपानी फौजा येऊन भिडल्या होत्या, आणि मुंबई दोन वर्षं काळे पडदे लावून वाट बघत होती.

“पेपरात काहीच आलं नाही,” असं आत्या ठामपणे सांगायची. हे मला पटत नव्हतं. अर्धं शहर हादरलं आणि बातमी नाही? मग वाचनात आलं की युद्धातली सेन्सॉरशिप होती. बातमीदारांना या स्फोटाच्या बातम्या पाठवायला मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात परवानगी मिळाली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने मात्र १५ एप्रिललाच सगळं सांगून टाकलं होतं. मी आत्याची चूक काढायला निघाले होते, आणि तिचंच म्हणणं छापील इतिहासाच्या जास्त जवळचं निघालं. कावळ्यांचंही तसंच. आवाजाच्या आधी पक्षी कसे उडतील, हे मला कळत नव्हतं. एका शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी समजावलं: हवेतून आवाज यायला दर किलोमीटरला जवळजवळ तीन सेकंद लागतात, जमिनीतला हादरा त्याच्या खूप आधी पोचतो. आत्या उकिडवी बसलेली, लक्ष कावळ्यांवर. हादरा तिला जाणवला नसेल, कावळ्यांना जाणवला. ती तीन सेकंद तिने जपून ठेवली होती.

सगळंच असं जुळलं असं नाही. ती म्हणते त्या दिवशी चाळीत आंबे आले होते. माझगावच्या बाई म्हणतात त्या वर्षी आंबा उशिरा होता. ती म्हणते परळला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. काळोखाच्या त्या वर्षांत कुठले दिवे? मी समासात खूण केली आणि तिचं वाक्य तसंच राहू दिलं. मला वाटतं, परळला मावशीचं दार उघडलं तो उजेड तिच्या मनात दिव्यांचा झाला असावा. हा माझा अंदाज आहे, म्हणून तो टाचणात गेला, तिच्या तोंडी घातला नाही.

आता विटेबद्दल. ते तिने जूनमध्ये सांगितलं, बाहेर पाऊस चालू असताना, स्वतःहून.

आजोबांना एक धाकटा भाऊ होता. गावाहून येऊन वर्ष झालेलं. तो रोजंदारीवर होता. सकाळी धक्क्याच्या फाटकाशी उभं राहायचं, मुकादमाने टोळीत घेतलं तर काम, नाहीतर परत. त्या आठवड्यात तीन दिवस तो रिकाम्या हाताने आला होता. शुक्रवारी त्याला काम मिळालं, कापसाच्या गुदामात. इतकंच घरी ठाऊक होतं. आजोबा तिसऱ्या दिवशी परळला आले तेव्हा त्यांच्या अंगावर दुसऱ्याच कुणाचा तरी सदरा होता. त्यांनी जे.जे. पालथं घातलं होतं, सेंट जॉर्ज पालथं घातलं होतं. भाऊ नव्हता. कुठल्याही यादीत नाव नव्हतं, कारण रोजंदारीवाल्याचं नाव मुकादमाच्या डोक्यात असतं, आणि मुकादमही राहिला नव्हता.

गोदीतला राडारोडा उपसायला आठ हजार माणसं लावली होती. पाच लाख टन ढिगारा, सात महिने काम चाललं. हे आकडे मी आधी वाचले होते आणि पुढे गेले होते. आत्याने सांगितलं, “बापू त्यात होते.” बापू म्हणजे आजोबा. आपलं नेहमीचं काम सोडून ते ढिगाऱ्यावर गेले आणि सुट्टीच्या दिवशीही जात राहिले. संध्याकाळी आले की हात धुण्याआधी आजी विचारायची, “काही?” ते मान हलवायचे. पावसाळा गेला, गणपती झाले, दिवाळी झाली. चाळीतल्या लोकांना कळेना की हा माणूस सुट्टीतसुद्धा तिथे का जातो. कुणीतरी म्हणालं, सोनं शोधतोय. मग सगळेच म्हणू लागले. बापूंनी कुणाचं म्हणणं खोडून काढलं नाही.

त्या विटांचं वजन प्रत्येकी सुमारे १२.७ किलो होतं. एक वीट गोदीपासून मैलभर दूर एका पारशी गृहस्थांच्या घराचं छप्पर फोडून पडली आणि त्यांनी ती परत केली, हे प्रसिद्ध आहे. आमच्या गोष्टीचं शेपूट बहुधा तिथून येऊन चिकटलं. इमानदारीची गोष्ट सांगायला बरी वाटते. सात महिने भाऊ शोधणाऱ्या माणसाची गोष्ट लग्नाच्या पंगतीत कशी सांगणार?

मी त्या धाकट्या आजोबांचं नाव शोधायला निघाले. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे रजा टाकून चार दिवस बसले. अर्ज भरायचा, फाइल मागवायची, दुपारी ती येते, पानं हळू उलटायची. नुकसानभरपाईचे कागद भरपूर आहेत: कुणाचं गुदाम, किती गासड्या, किती पोती धान्य. आणखी एका कार्यालयात गेले, तिथे मला तीन टेबलांवर फिरवून अखेर सांगितलं की इतक्या जुन्या रोजंदारीच्या नोंदी कुणी ठेवत नाही. रागाने रडू आलं. गासड्या मोजल्या होत्या. माणूस मोजलेला नव्हता. मृतांच्या आकड्यात एवढा फरक का, ते त्या दिवशी मला कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

लिहून काढण्याचं काम सगळ्यात जास्त वेळ खातं. तासभराच्या बोलण्याला माझे सात-आठ तास गेले. ऐकायचं, थांबवायचं, मागे न्यायचं. आत्या कधी शहरातलं बोलते, कधी आईची आठवण आली की गावाकडच्या वळणावर जाते. मी दोन्ही तशीच ठेवली. सुरुवातीला मी “कापूस पडत होता”च्या जागी “जळत्या कापसाचे पुंजके कोसळत होते” असं लिहिलं होतं. वाचून दाखवलं तेव्हा आत्या म्हणाली, “हे मी बोलले?” खोडलं. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख आणि बैठकीचा क्रमांक घातला, मूळ फाइल कधीही उघडून कापायची नाही असा नियम केला, एक प्रत माझ्याकडे, एक मावसबहिणीकडे, एक हार्ड डिस्कवर बँकेच्या लॉकरात. एकदा कार्ड बिघडून चौथ्या बैठकीचा अर्धा तास गेला, तेव्हापासून आत्याच्या घरातून बाहेर पडायच्या आधी लॅपटॉपवर उतरवून घेत असे.

संमतीचा कागद मी पहिल्याच दिवशी करून नेला होता. आत्याने वाचला, सही केली आणि म्हणाली, “हे तुझं झालं. आता माझं लिही.” तिच्या अटी तिने मला घातल्या. ध्वनिमुद्रण घरातल्या पोरांनी ऐकावं, बाहेरच्यांनीही ऐकावं. जूनमध्ये काकाचं, म्हणजे त्या धाकट्या आजोबांचं, सांगितल्यावर आणखी एक अट घातली: त्याचं नाव बाहेर जाऊ नये. काकाची बायको एकोणीस वर्षांची होती. आमच्या आजीने चार वर्षं तिला कुंकू लावू दिलं, कारण प्रेत पाहिलेलं नव्हतं. मग आजोबांनीच गावी नेऊन तिचा पाट लावून दिला. तिला मुलं झाली, नातवंडं झाली. ती माणसं आहेत, त्यांच्या घरात ही गोष्ट ठाऊक आहे की नाही कुणास ठाऊक. म्हणून इथे नाव नाही. टेपवर आहे. आत्याने ते पूर्ण घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश, दोनदा.

तिने हे नाव घेतलं त्याच बैठकीत माझ्याकडून एक चूक झाली. आत्याने विचारलं, “झालं बंद?” मी बटण दाबलं होतं, म्हणाले, “हो.” बटण नीट दाबलं गेलं नव्हतं. पुढची चार मिनिटं ती जे बोलली ते बंद आहे असं समजून बोलली. घरी आल्यावर ऐकलं आणि छातीत धडधडायला लागलं. इतक्या बैठकांत इतकं मोलाचं काही मिळालं नव्हतं. दोन दिवस मी कुणाला बोलले नाही. मनात येत होतं, तिला कुठे कळणार आहे? आणि लगेच दुसरं मनात येत होतं: गासड्या मोजणाऱ्यांनी या माणसांना विचारलं नाही, आता मीही विचारणार नाही का?

शनिवारी डोंबिवलीला गेले. तिला सगळं सांगितलं, हेडफोन तिच्या कानांना लावले. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाली, “हे पूस.”

मी म्हटलं, “आत्या, नक्की?”

“हे आईचं आहे. माझं नाही. पूस.”

तिच्यासमोर पुसलं. रेकॉर्डरवरून, लॅपटॉपवरून, मावसबहिणीला फोन लावून तिच्याकडचीही प्रत तिथल्या तिथे पुसायला लावली. आत्याने माझ्या हातातला चहाचा कप घेऊन बाजूला ठेवला, गोधडी सारखी केली, हेडफोन परत कानांवर चढवले.

“आता ते लाव,” ती म्हणाली. “कावळ्यांपासून लाव.”